लघुकथेतलं कथानक कसं शिकवावं? इंग्रजीच्या शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीच्या तासाला कथा वाचून संपते. 'काय झालं?' विचारलं की अर्धा वर्ग हात वर करतो. 'असंच का झालं?' विचारलं की वर्ग गप्प. नववी ते बारावीच्या मुलांना लघुकथा शिकवताना माझा बहुतेक वेळ या दोन प्रश्नांमधलं अंतर कापण्यात गेला आहे. सोबतचे शिक्षक जे पुन्हापुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. काही कथांचे शेवट वाटेत उघड होतील. कथानकावर बोलायचं तर शेवट टाळून चालत नाही.

मुलांना गोष्ट आणि कथानक एकच वाटतं. सुरुवात कुठून करू?

दोन वाक्यांपासून. इंग्रज कादंबरीकार इ. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली दिलेलं उदाहरण आजही फळ्यावर लिहिण्याजोगं आहे. राजा मेला आणि मग राणी मेली, ही झाली गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे झालं कथानक. मृत्यू तेच, क्रमही तोच, फक्त मध्ये कारण आलं. ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स' या काव्य आणि नाटकावरच्या ग्रंथात हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं आहे: एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडणं आणि दुसरीमुळे घडणं यांत फार अंतर आहे.

वर्गात मी याची एकच चाचणी करून टाकते. कोणत्याही दोन घटना घ्या आणि त्यांच्यामध्ये 'आणि मग', 'म्हणून', 'पण' यांपैकी कोणता शब्द बसतो ते पाहा. ओ. हेन्रींची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' ही १९०५ सालची कथा यासाठी उत्तम. नाताळ उद्यावर आलाय, पण डेलाकडे फक्त १ डॉलर ८७ सेंट आहेत. म्हणून ती केस विकते. त्याचे २० डॉलर येतात, म्हणून नवऱ्याच्या घड्याळासाठी साखळी घेता येते. पण त्याने तिच्या केसांसाठी कंगवे घ्यायला घड्याळच विकलेलं असतं. एवढ्या साखळीत 'आणि मग' एकदाही आलेलं नाही, हे मुलांच्या स्वतःच लक्षात येतं. ते त्यांच्या लक्षात येईपर्यंत मी बोलत नाही.

मुलांच्या साखळीत जिथे 'आणि मग' उरतं तिथे एक तर त्यांचं कारण निसटलेलं असतं, नाही तर लेखकाने ते मुद्दाम दडवलेलं असतं. दोन्ही वेळा परत मजकुराकडे जावं लागतं, आणि शिक्षकाला तेच तर हवं असतं.

तो डोंगरासारखा आलेख पहिल्याच दिवशी शिकवावा का?

माझं मत स्पष्ट आहे: नाही. एक्स्पोझिशन (ओळख), रायझिंग ॲक्शन (चढता ताण), क्लायमॅक्स (शिखर), फॉलिंग ॲक्शन (उतरता ताण), रेझोल्यूशन (उकल) अशी पाच खणांची चौकट आधी हातात दिली, की मुलं कथा वाचायच्या ऐवजी खण भरायला लागतात. पाच खण भरले की त्यांचं काम संपतं आणि कथा हातातून निसटते.

या आलेखाचा इतिहासही मुलांना सांगण्यासारखा आहे. जर्मन लेखक गुस्टाव फ्रायटाग यांनी १८६३ मध्ये नाटकाच्या तंत्रावरच्या पुस्तकात तो मांडला. त्यांच्यासमोर होती ग्रीक नाटकं, शेक्सपिअर आणि पाच अंकी शोकांतिका. म्हणून त्यांच्या आकृतीत शिखर बरोबर मध्ये आहे आणि पुढे नायकाची लांबलचक घसरण. लघुकथेत इतकी घसरण दाखवायला जागाच नसते. तिचं शिखर बऱ्याचदा शेवटाला इतकं चिकटलेलं असतं की पलीकडे चार वाक्यं उरतात.

त्याऐवजी कोरा कागद द्या. आडव्या रेषेवर कथेची पानं, उभ्या रेषेवर वाचताना जाणवलेला ताण. प्रत्येकाने आपली रेषा काढायची, मग शेजाऱ्याच्या रेषेशी ताडून पाहायची. कुणाचा डोंगर होतो, कुणाच्या पायऱ्या, कुणाची रेषा शेवटच्या ओळीपर्यंत सपाट असते आणि एकदम उभी चढते. 'तुझी रेषा इथे का वर गेली?' या प्रश्नाचं उत्तर देताना मुलं आपोआप ओळींचा हवाला देतात. पारिभाषिक शब्द त्यानंतर द्या. तेव्हा ते शब्द त्यांना आधीच दिसलेल्या गोष्टींची नावं म्हणून येतात आणि लक्षात राहतात.

क्लायमॅक्स नेमका कोणता, यावर वर्गात भांडणं होतात. बरोबर उत्तर काय द्यायचं?

भांडू द्या. फक्त भांडणाला निकष द्या. मुलं 'सगळ्यात थरारक प्रसंग' शोधत असतात. मी विचारते, 'कोणत्या क्षणानंतर परतीचा रस्ता बंद झाला?'

मोपासाँची 'द नेकलेस' ही १८८४ सालची फ्रेंच कथा इंग्रजी अनुवादातून अनेक वर्गांत वाचली जाते. मातिल्द मेजवानीसाठी मैत्रिणीकडून हार उसना आणते आणि तो हरवतो. नवरा-बायको ३६,००० फ्रँकचा तसाच दुसरा हार घेऊन परत करतात आणि कर्ज फेडण्यात दहा वर्षं घालवतात. शेवटी कळतं की मूळ हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकचा. क्लायमॅक्स कोणता? अर्धी मुलं हार हरवण्याचा प्रसंग धरतात, अर्धी शेवटचं वाक्य.

इथे ॲरिस्टॉटलचे दोन शब्द फार कामाला येतात. पेरिपेतिआ म्हणजे परिस्थितीचं उलटणं, आणि अनाग्नोरिसिस म्हणजे अज्ञानातून ज्ञानाकडे येणं. हे दोन्ही एकाच क्षणी आले तर उत्तम, असं त्याचं म्हणणं. 'द नेकलेस'मध्ये या दोहोंच्या मध्ये दहा वर्षं आहेत. मुलांचं भांडण म्हणूनच होतं: एक गट उलटण्याला शिखर म्हणतो, दुसरा कळण्याला. हे सांगितल्यावर दोन्ही गटांना आपलं वाचन चुकलेलं नव्हतं हे उमगतं. माझा स्वतःचा कौल तिसऱ्याच जागेला आहे. खरं न सांगता दुसरा हार घ्यायचा, हा निर्णय. रस्ता तिथे बंद होतो.

लगेच पुढच्या तासाला केट शोपँ यांची १८९४ सालची 'द स्टोरी ऑफ ॲन अवर' घ्यावी. नवरा रेल्वे अपघातात गेल्याची बातमी, बंद खोलीत लुईसला हळूहळू जाणवणारं स्वातंत्र्य, आणि मग दारातून आत येणारा जिवंत नवरा. इथे उलटणं आणि कळणं एकाच क्षणात कोसळतं. दोन कथा शेजारी ठेवल्या की व्याख्या सांगावी लागत नाही.

संघर्षाचे प्रकार पाठ करून घ्यावेत का?

माणूस विरुद्ध माणूस, माणूस विरुद्ध निसर्ग, माणूस विरुद्ध समाज, माणूस विरुद्ध स्वतः. ही यादी एका वहीपानाची आहे, दहा मिनिटांत होते. तिच्यावर याहून जास्त वेळ घालवू नये. 'पात्राला काय हवंय, आणि ते मिळू न देणारं काय आहे?' हा प्रश्न जास्त खोल नेतो. 'द मोस्ट डेंजरस गेम' या १९२४ सालच्या कथेत शिकारी रेन्सफर्डला जगायचंय आणि जनरल झारॉफला त्याची शिकार करायचीय, इतकं सरळ. पण शिकारीबद्दल सुरुवातीला रेन्सफर्ड जे बोलतो ते शेवटी त्याच्या तोंडी शोभेल का, असं विचारलं की त्याच कथेतला दुसरा, आतला झगडा वर येतो. यादीतला एकच प्रकार निवडायला लावला असता तर तो राहूनच गेला असता.

विश्लेषण मागितलं की मुलं सारांश लिहून देतात. काय करावं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि यात दोष मुलांचा नाही. आपण 'कथानक स्पष्ट करा' म्हणतो, ती कथा पुन्हा सांगतात. प्रश्न बदलायला हवा.

एक उपाय म्हणजे घटना काढून पाहणं. 'द नेकलेस'मध्ये हार हरवल्यावर मातिल्द नवऱ्याच्या सांगण्यावरून मैत्रिणीला पत्र लिहिते की हाराची कडी तुटली आहे, दुरुस्तीला दिली आहे. हे पत्र कथेतून काढून टाका. काय बिघडतं? पहिल्या फेरीत मुलं म्हणतात, काहीच नाही. मग कुणीतरी म्हणतं की शोधायला वेळ मिळाला नसता. मग मागच्या बाकावरून येतं की एकदा खोटं लिहिल्यावर खरं सांगायला जाणं अवघड झालं. तीन ओळींच्या पत्रावर पुढची दहा वर्षं कशी उभी आहेत, हे त्या दिवशी वर्गाला दिसतं.

दुसरा उपाय लेखनाचा. वाक्याचा कर्ता बदलायला सांगा. 'मातिल्द हार परत करते' हा सारांश. 'मैत्रीण डबी उघडून बघत नाही असं दाखवून लेखक रहस्य दहा वर्षं पुढे ढकलतो' हे विश्लेषण. लेखक दडवतो, लांबवतो, आधी सांगतो, उशिरा सांगतो, अर्धवट सांगतो: अशी क्रियापदांची छोटी यादी वहीच्या मागच्या पानावर लिहून द्या. इंग्रजीत कथेवर लिहिताना वर्तमानकाळ वापरायचा हा संकेतही याच वेळी सांगून टाका. भूतकाळात लिहायला लागलं की हात आपसूक गोष्ट सांगायच्या वळणावर जातो.

घटना उलटसुलट क्रमाने येतात तेव्हा मुलं हरवतात. फ्लॅशबॅक कसा शिकवू?

कात्रीने. विल्यम फॉकनर यांची १९३० सालची 'अ रोझ फॉर एमिली' अंत्ययात्रेपासून सुरू होते आणि मग काळात पुढेमागे फिरते. मुख्य घटना पट्ट्यांवर लिहून गटागटांना द्या आणि आधी कथेत आल्या त्या क्रमाने लावायला सांगा, मग प्रत्यक्षात घडल्या त्या क्रमाने. दुसऱ्या मांडणीत एक धक्का बसतो. एमिली विष विकत घेते, तिचा प्रियकर दिसेनासा होतो, मग घरातून दुर्गंधी येऊ लागते. कथेत मात्र दुर्गंधी आधी येते, विष नंतर, आणि प्रियकराचं नाहीसं होणं त्याच्याही नंतर. सरळ क्रमाने सांगितलं असतं तर गुन्हा कुणालाही लगेच कळला असता. सारे धागे वाचकाच्या हातात असूनही गाठ बसत नाही, ती केवळ क्रमामुळे.

रशियन रूपवादी समीक्षक घडलेल्या क्रमाला फाबुला आणि सांगितलेल्या क्रमाला स्यूझेट म्हणत. वरच्या वर्गांना हे शब्द द्यायला हरकत नाही. पट्ट्या मात्र आधी.

इंग्रजीच्या शिक्षकाला इथे व्याकरणाची एक सुंदर संधी आहे. काळात मागे जाताना इंग्रजी लेखक बहुधा पहिल्या एक-दोन क्रियापदांना 'हॅड' लावतो आणि मग साध्या भूतकाळात उतरतो, कारण प्रत्येक वाक्यात 'हॅड' फार जड होतं. मुलं हरवतात ती नेमकी या उतरणीवर. परिच्छेदातला पहिला 'हॅड' अधोरेखित करायची सवय लावा आणि वर्तमानात परतल्याची खूण कुठे आहे ते शोधायला सांगा. पास्ट परफेक्टचा धडा व्याकरणाच्या तासाला इतका जिवंत कधी होत नाही.

पूर्वसूचना पहिल्या वाचनातच दाखवाव्यात का?

दाखवू नयेत. 'हे लक्षात ठेवा हं, पुढे उपयोगी पडणार आहे' असं शिक्षक म्हणाला की वाचकाचा हक्क हिरावला जातो. पहिलं वाचन अडखळत का होईना, मुलांचं असू द्या.

दुसरं वाचन ही खरी मेजवानी. 'द नेकलेस'च्या शेवटानंतर वर्गाला परत पाठवा: हार खोटा आहे हे लेखकाने आधी कुठे कुठे सांगितलं होतं? मैत्रीण तो सहज देऊन टाकते. परत येतो तेव्हा डबीही उघडत नाही. आणि माझी सर्वांत लाडकी जागा: डबीवर ज्या जवाहिऱ्याचं नाव आहे तो सांगतो की हार आपण विकलेला नाही, फक्त डबी आपली असावी. पहिल्या वाचनात ही ओळ नुसता शोधाशोधीचा तपशील वाटते. ती सापडली की मुलांच्या तोंडून जो 'अरे!' निघतो तो ऐकण्यासाठी मी ही कथा दरवर्षी घेते.

शर्ली जॅक्सन यांची १९४८ सालची 'द लॉटरी' याच कामाची आहे. सुरुवातीलाच मुलगे खिशात दगड भरत असतात आणि ते खेळासारखं दिसतं; लॉटरी लागलेल्या व्यक्तीला गाव दगडांनी मारतं हे शेवटी कळतं. एक सावधगिरी: यानंतर मुलांना प्रत्येक ढगात आणि प्रत्येक दारात पूर्वसूचना दिसू लागते. शेवट कळल्यावर त्या तपशिलाचा अर्थ खरंच बदलतो का, एवढं विचारा.

मुलांनी शेवट आधीच इंटरनेटवर वाचलेला असेल तर?

तर धक्का गेला, कथानक शिल्लक आहे. अशा वेळी मी शेवट स्वतःच फळ्यावर लिहिते आणि विचारते, 'इथपर्यंत पोचायला लेखकाला कोणकोणत्या गोष्टी आधी मांडून ठेवाव्या लागतील?' मुलं यादी करतात आणि मग कथा वाचून आपली यादी तपासतात. काही वर्गांत हा तास नेहमीच्या तासापेक्षा चांगला झाला आहे.

ज्या कथेत 'काहीच घडत नाही' तिचं काय?

जेम्स जॉइस यांची 'ॲरबी' घ्या, १९१४ च्या संग्रहातली. एका मुलाला बाजारातून एका मुलीसाठी भेट आणायची असते. काका उशिरा घरी येतो, मुलगा पोचतो तेव्हा बाजार मिटायला लागलेला, आणि तो काही न घेता अंधारात उभा राहतो. घटनांची यादी केली तर चार ओळींची. तरीही वाट पाहण्याची प्रत्येक पायरी पुढच्या निराशेचं वजन वाढवते. 'बाहेर काय बदललं?' याला उत्तर नसेल तर 'आत काय बदललं?' विचारा. सुरुवातीचा मुलगा आणि शेवटचा मुलगा यांच्यावर दोन-दोन वाक्यं लिहायला लावा.

कथानकाला संघर्षच लागतो का, हाही प्रश्न हुशार मुलं विचारतात. त्यांना जपानी किशोतेन्केत्सुबद्दल सांगा. ओळख, विस्तार, वळण आणि जुळणी अशी ही चार टप्प्यांची रचना चिनी चार ओळींच्या कवितेतून आली आणि चार चौकटींच्या जपानी कॉमिक्समध्ये आजही दिसते. तिसऱ्या टप्प्यात एक अनपेक्षित गोष्ट शेजारी येऊन बसते, आणि चौथ्यात दोहोंचं नातं उलगडतं. कुणी कुणाशी भांडावंच लागत नाही.

इंग्रजी ही ज्यांची पहिली भाषा नाही त्यांना हे झेपेल का?

झेपतं. कारण आणि परिणाम समजायला इंग्रजी लागत नाही, सांगायला लागते. म्हणून चर्चेची पहिली फेरी मुलांच्या भाषेत होऊ द्या आणि दुसऱ्या फेरीत तेच म्हणणं इंग्रजीत मांडायला जोडशब्द द्या: बिकॉज, सो, देअरफोर, बट, अनटिल, ॲज अ रिझल्ट. फळ्यावर हे सहा शब्द असले की अडखळणारं मूलही पूर्ण वाक्य बोलतं.

कथा निवडताना मात्र नुसती लांबी पाहून फसू नका. 'द स्टोरी ऑफ ॲन अवर' हजारेक शब्दांचीच आहे, पण तिची वाक्यं अवघड आहेत. लांब असूनही 'द मोस्ट डेंजरस गेम' अशा मुलांना सोपी जाते, कारण पुढे काय होणार ही ओढ त्यांना अनोळखी शब्दांवरून ओढून नेते.

कथा कोणत्या क्रमाने घ्याव्यात, आणि किती तास?

आधी सरळ क्रमाची आणि ठळक संघर्षाची, मग कलाटणीची, मग आतल्या बदलाची, आणि उलटसुलट क्रमाची सगळ्यात शेवटी. चार कथा नीट झाल्या तर पुरे. एका कथेला मी तीन तास धरते: वाचन, रेषा आणि साखळी, पुनर्वाचन. वेळ कमी असेल तर एक कथा गाळा, पुनर्वाचन गाळू नका.

मुलांना स्वतः कथा लिहायला लावावी का?

हो, पण आखूड. 'एक कथा लिहा' म्हटलं की पाच पानांची 'आणि मग'ची माळ येते. मी सहा वाक्यं देते, अट एकच: प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याशी 'म्हणून' किंवा 'पण'ने जोडता आलं पाहिजे. पुढच्या तासाला तीच कथा चौथ्या वाक्यापासून सुरू करून पुन्हा लिहायची, आधीचं मागाहून सांगायचं. लेखक घटना का दडवतो, हे दुसऱ्याच्या कथेपेक्षा स्वतःच्या कथेत लवकर कळतं.

अपूर्ण शेवटाची कथा हाही चांगला सराव आहे. फ्रँक स्टॉकटन यांची १८८२ सालची 'द लेडी, ऑर द टायगर?' वाचकालाच प्रश्न विचारून थांबते: दोन दारांपैकी उघडलेल्या दारातून कोण बाहेर आलं, तरुणी की वाघ? मुलांनी दार निवडायचं, आणि त्या निवडीला कथेतून तीन पुरावे द्यायचे. पुराव्याशिवाय निवड मोजायची नाही.

गुण कसे द्यावेत?

वर्गात शिकवलेल्या कथेवर कथानकाची परीक्षा घेतली तर पाठांतर तपासलं जातं. मी न वाचलेली दोन-तीन पानी कथा देते आणि तीन प्रश्न विचारते. या कथेतली अशी एक घटना सांगा जी काढली तर शेवट कोसळेल, आणि का. लेखकाने कोणती माहिती उशिरा दिली, आणि त्यामुळे वाचकाचं काय झालं. तुमच्या मते वळणाची जागा कोणती, आणि दुसरं कुणी कोणती जागा सुचवू शकेल.

तिसऱ्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला मी मुद्दाम जास्त गुण ठेवते. निवडलेली जागा माझ्या मनातल्या जागेशी जुळली नाही म्हणून गुण कापत नाही. ओळींचा आधार नसेल तर मात्र कापते, मग जागा जुळलेली असली तरी. हे मुलांना परीक्षेआधी स्पष्ट सांगा, आणि मागच्या वर्षीची दोन उत्तरं, नावं झाकून, वाचून दाखवा: एक माझ्या मताशी न जुळणारं पण पूर्ण गुण मिळालेलं, आणि एक जुळणारं पण अर्धेच मिळालेलं.